कोरा माणूस पाहिजे

"तुम्ही वाजवता फार छान," बाई म्हणाल्या. "आणि तुमचा विद्यार्थी ऐकतो फार छान. अडचण एवढीच, की परीक्षा त्याच्या ऐकण्याची नव्हती आणि तुमच्या वाजवण्याची तर मुळीच नव्हती."

एवढं बोलून बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. संगीतशिक्षक तयार करणाऱ्या त्या संस्थेत बाईंनी चष्मा पुसला की समोरचा नापास, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. समोर सूनबाई ट्रम्पेट घेऊन उभ्या होत्या. शेजारी त्यांचा विद्यार्थी, म्हणजे त्यांचा सख्खा नवरा, टाळ्या वाजवून लाल झालेले हात खिशात लपवत होता.

परीक्षा दिसायला सोपी होती. ज्याने जन्मात कधी आपल्या वाद्याला हात लावलेला नाही असा माणूस आणायचा आणि त्याला पहिला तास शिकवायचा. अशा माणसाला संस्थेत 'कोरा' म्हणत. तास संपेपर्यंत कोऱ्याने स्वतःच्या दमावर सा, रे, ग असे तीन सूर काढायचे, बास. सूनबाईंच्या नवऱ्याने पहिली फुंकर मारली आणि ट्रम्पेटमधून असा काही आवाज आला, की सूनबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. "असं नाही रे, थांब, मी दाखवते," म्हणून त्यांनी ट्रम्पेट हिसकावून घेतला आणि पुढचा सगळा तास त्याच दाखवत राहिल्या. दाखवलं मात्र अप्रतिम.

आता दुसरी संधी होती, तिसरी नव्हती. आणि सूनबाईंना पास व्हायचंच होतं, कारण एका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी त्यांना एक कपाट उघडून दाखवलं होतं. आत कितीतरी ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेले होते. "शिकवायला कुणी नाही म्हणून झोपलेत बिचारे," मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. "तुम्ही पास होऊन या. तोवर मी ही जागा भरत नाही." तेव्हापासून सूनबाईंना उठता-बसता ते कपाट दिसत होतं.

घरी सासूबाई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "नापास ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हा जिना चढताना गप्प होता. पास झाली असतीस तर 'माझ्यामुळेच झाली' असं खालपासून ओरडत आला असता."

सूनबाई खुर्चीत धपकन बसल्या. "आई, मला हे जमतच नाही हो. कोणी बेसूर वाजवायला लागलं, की माझे हात आपोआप पुढे जातात."

"मग हातांवर बस."

"काय?"

"हातांवर बस गं. दोन्ही हात मांड्यांखाली घाल आणि तोंडाने शिकव. हा बुटाची लेस बांधायला शिकत होता तेव्हा मी तशीच बसायचे. नाहीतर आजही मीच बांधत बसले असते."

"आई!" नवरा म्हणाला.

पण सूनबाई आता त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या सासूबाईंकडे टक लावून बघत होत्या. सासूबाईंनी हळूच पेन खाली ठेवलं.

"आई," सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही कधी ट्रम्पेट वाजवलाय?"

पहिल्या तासाची रीत ठरलेली होती. आधी नुसते ओठ. मिटलेल्या ओठांतून हवा अशी सोडायची, की ओठ घोड्यासारखे फुरफुरले पाहिजेत. मग ट्रम्पेटचा माउथपीस वेगळा काढून त्यात तीच फुरफुर. आणि मग कुठे सबंध ट्रम्पेट. सासूबाईंना फुरफुर करताना आधी हसू फुटत होतं, मग लाज वाटत होती, आणि मग त्या अशा रंगात आल्या, की समोरच्या खिडकीतला माणूस पडदा बाजूला सारून बघू लागला. ट्रम्पेट हातात आला तसा आवाजही आला. सूनबाई हातांवर बसल्या होत्या खऱ्या, पण दोनदा हात सुटलेच. तिसऱ्यांदा त्या दात-ओठ खाऊन तशाच बसून राहिल्या. तासाच्या शेवटी सासूबाईंचे सा, रे, ग निघाले आणि सूनबाईंच्या दोन्ही हातांना मुंग्या आल्या.

"जमलं की तुला," सासूबाई घाम पुसत म्हणाल्या.

"नाही आई. दोनदा हात सुटले. परीक्षेत एकदाही सुटून चालणार नाही. परत करू या."

"करू या की. पण आता मी कोरी कुठे राहिले?"

तिथे खरी मेख होती. पहिला तास एका माणसाला एकदाच शिकवता येतो. म्हणजे सरावाला रोज नवा माणूस पाहिजे. सूनबाईंनी कंबर कसली. दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. सूनबाईंनी माउथपीस स्पिरिटने पुसून त्याच्या पुढे धरला.

"ताई, नळाचं काय?"

"नळ नंतर. आधी ओठ मिटा."

प्लंबरने ट्रम्पेट उलटसुलट करून नीट पाहिला, "म्हणजे हा पाइपच की," असं म्हणाला आणि घरच्यासारखा वाजवायला बसला. सूनबाईंचा हात एकदाच सुटला. मग पार्सल घेऊन येणारा झाला, वीजमीटर बघणारा झाला, नवऱ्याचं ऑफिस टप्प्याटप्प्याने झालं, इमारतीतला एकेक मजला झाला. दार उघडताच सूनबाई आधी माणसाचे ओठ बघायच्या आणि मग चेहरा.

आता एवढी माणसं फुरफुरायला शिकल्यावर ती काय घरी गप्प बसणार? लिफ्टमध्ये फुरफुर, जिन्यात फुरफुर, गच्चीवर कपडे वाळत घालताना फुरफुर. त्याहून वाईट म्हणजे एकेक जण परत दार वाजवू लागला.

"वहिनी, दुसरा तास कधी?"

"दुसरा तास मी घेत नाही."

"म्हणजे आम्हाला असं अधांतरी सोडणार?"

"परीक्षेला पहिलाच तास आहे. दुसऱ्याशी मला काही देणंघेणं नाही," म्हणून सूनबाई दार लावून घ्यायच्या. मग ती हिरमुसलेली मंडळी मागच्या दाराने सासूबाईंकडे जाऊ लागली. सासूबाई आपल्याला येत होतं तेवढंच, पण मन लावून सांगायच्या, आणि स्वतः हातांवर बसून सांगायच्या.

शेवटी इमारतीचे सेक्रेटरी तक्रारीचा कागद घेऊन आले. कपाळाला आठ्या, हातात पेन. "वहिनी, हे अति होतंय. लोकांना झोप नाही. मला तुमच्यावर कारवाई करावी लागेल."

"करा ना. या, बसा. सेक्रेटरी, तुम्ही कधी ट्रम्पेट वाजवलाय?"

सेक्रेटरी गेले तेव्हा कागद त्यांच्या खिशात तसाच होता आणि ते जिना उतरता उतरता 'सा' लावून बघत होते. सूनबाई मात्र आनंदाने थरथरत होत्या. सेक्रेटरींनी असा भयंकर 'रे' लावला होता, की सासूबाईंनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघितलं, आणि तरीही सूनबाईंचे हात मांड्यांखालून तसूभर हलले नव्हते.

"झाली तयारी!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता होऊन जाऊ दे परीक्षा."

"होऊ दे की. नेणार कोणाला?"

सूनबाईंचा चेहरा पडला. खरंच की! इमारत संपली होती. ऑफिस संपलं होतं. ओळखीपाळखीतलं एकही तोंड कोरं राहिलं नव्हतं. नवऱ्याने खालच्या फळ्यावर ठळक अक्षरांत 'कोरा माणूस पाहिजे' अशी चिठ्ठी लावली. संध्याकाळी त्याखाली कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'एक तास झालेला चालेल का?'

तेव्हा सासूबाईंना आत्याबाई आठवल्या. या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. दूर गावी एकट्या राहत आणि वाद्यं तर सोडाच, त्यांना दाराची घंटासुद्धा सहन होत नसे. फोन झाला. "अगं, मुलीच्या परीक्षेला उपयोग होतोय म्हटल्यावर येणार नाही का मी?" असं म्हणून आत्याबाई परीक्षेच्या आदल्या दिवशी बॅग घेऊन हजर झाल्या.

सूनबाईंनी घरात सक्त ताकीद दिली. आत्याबाईंसमोर ट्रम्पेटचं नाव काढायचं नाही. कोणी फुरफुरायचं नाही. इमारतीलाही हात जोडून सांगितलं, की एक दिवस तेवढे ओठ आवरा. ट्रम्पेट कपाटात कुलूपबंद झाला. मग सूनबाई ट्रम्पेटच्या बटणांना घालायचं तेल आणायला बाजारात गेल्या. परत येऊन बघतात तर दोघी नणंदा-भावजया शेजारी शेजारी, अगदी शहाण्यासारख्या बसल्या होत्या. इतक्या शहाण्यासारख्या त्या गेल्या कित्येक वर्षांत बसल्या नव्हत्या, पण हे सूनबाईंच्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

सकाळी तिघी टॅक्सीत बसल्या. सूनबाई मनातल्या मनात तासाची उजळणी करत होत्या. टॅक्सी वळणावर आली आणि शेजारून आवाज आला. आत्याबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि त्यांचे ओठ सुरेख, एकसारखे फुरफुरत होते.

"आई?"

सासूबाईंनी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली.

"आई!"

"अगं, मी काय करू? माझ्या ओठांना सवय लागलीये. तिनं विचारलं, ओठांना काय झालंय म्हणून. मग सांगावं लागलं."

"नुसतं सांगितलंत ना?"

"नुसती फुरफुर."

"नुसती फुरफुर?"

"आणि माउथपीस."

"आई!!"

"किल्ली तू समोरच ठेवून गेलीस! त्यात माझा काय दोष?"

"मला तीन सूर येतात," आत्याबाई अभिमानाने म्हणाल्या. मग सूनबाईंचा चेहरा बघून त्यांना दया आली. "अगं, एवढी काय घाबरतेस? न येण्याचं सोंग करते मी. शाळेत असताना नाटकात झाडाचं काम केलं होतं. सगळे म्हणाले, अगदी खरं झाड."

सूनबाईंना हे पटलं नव्हतं. खोटेपणा त्यांना अजिबात खपत नसे. पण डोळ्यांसमोर ते कपाट आलं, चादरींत गुंडाळलेले ट्रम्पेट आले, आणि त्या काही बोलायच्या आत टॅक्सी संस्थेच्या दारात उभी राहिली.

वर्गात बाईंच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक बसले होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, आयुष्यभर व्हायोलिन वाजवलेले सर. सासूबाई मागच्या बाकावर बसल्या. सूनबाई हातांवर बसल्या. आत्याबाईंनी ट्रम्पेट हातात घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई! हे काय? फुलदाणी का?"

सूनबाईंनी डोळे मिटून घेतले.

"ओठ मिटा, आत्याबाई. आता हवा सोडा."

आत्याबाईंनी नाकातून हवा सोडली. मग माउथपीस कानाला लावून बघितला. मग ट्रम्पेटचं मोठं तोंड स्वतःच्या तोंडाला लावून, "यातून काही ऐकू येत नाही हो," असं सांगितलं. झाड कसं उभं राहिलं असेल कोण जाणे, पण हे सोंग काही आवरायला तयार नव्हतं. सूनबाई घाम फुटला तरी सांगत होत्या, पुन्हा सांगत होत्या, आणि आत्याबाई पुन्हा चुकत होत्या. अर्धा तास गेला, एक सूर निघाला नाही.

परीक्षकांनी उसासा टाकला आणि बाईंकडे झुकून म्हणाले, "शिक्षिकेची काही चूक नाही. पण या बाईंना हे या जन्मात जमेल असं वाटत नाही."

त्यांनी हे हळूच म्हटलं होतं. पण आत्याबाईंचे कान तिखट.

"कोणाला जमणार नाही?" आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. ट्रम्पेट सरळ केला, ओठांना लावला आणि खणखणीत सा, रे, ग वाजवले. मग ग, रे, सा. मग खाली बसल्या.

बाईंचा हात हळूच चष्म्याकडे गेला.

"बाई, थांबा!" सूनबाई हातांवरून उठल्या. "चष्मा पुसू नका. मी सांगते. या कोऱ्या नाहीत. यांना काल माझ्या सासूबाईंनी शिकवलं. मला टॅक्सीत कळलं, तेव्हाच इथे येऊन सांगायला पाहिजे होतं. माझा धीर झाला नाही. चुकलं माझं."

"आणि सासूबाईंना कोणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"मी. एकच तास. पहिला."

बाई मागच्या बाकाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "ते सगळं ठीक. पण नियम तो नियम. तुमची वेळ अजून संपलेली नाही. दुसरा कोरा माणूस आहे?"

"नाही. माझ्या ओळखीचा एकही उरला नाही."

"मग तुम्ही दोघी बाहेर बसा," बाई सासूबाईंना आणि आत्याबाईंना म्हणाल्या. दोघी मान खाली घालून बाहेर गेल्या. दार लागलं. आता हे दार उघडून आपणही जायचं, मुख्याध्यापिकांना फोन करायचा, असं सूनबाईंच्या मनात आलं आणि त्यांना रडू फुटायच्या बेतात आलं. आणि तसंच राहिलं, कारण त्यांची नजर परीक्षकांच्या मिशांखाली गेली.

"सर, तुम्ही कधी ट्रम्पेट वाजवलाय?"

"मी?" सर ताठ झाले. "मी व्हायोलिन वाजवतो."

"ट्रम्पेट?"

"छे!"

"ओठ तरी लावलेत?"

"अजिबात नाही!"

"म्हणजे कोरे आहात. या, बसा इकडे."

सरांनी बाईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता बाई रागावतील. बाईंनी चष्मा न पुसताच पुन्हा नीट नाकावर चढवला. "नियमात बसतं," त्या म्हणाल्या.

सर खुर्चीत येऊन बसले. सूनबाई पुन्हा हातांवर बसल्या. सरांना फुरफुर करायची जाम लाज वाटत होती, मिशा मध्ये येत होत्या, आणि शंभर मैफली गाजवलेल्या माणसाच्या तोंडून निघालेला पहिला आवाज असा होता, की सरांनी स्वतःच मागे वळून पाहिलं. "तुम्ही एकदा वाजवून दाखवा ना," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "मला लगेच कळेल."

सूनबाईंचे हात मांड्यांखाली वळवळले. "नाही सर. वाजवायचंय तुम्हाला. मी ऐकतेय. गाल सोडा, फक्त ओठ. पुन्हा."

पुन्हा. आणि पुन्हा. सर लाल झाले, चिडले, ट्रम्पेट खाली ठेवतो म्हणाले. "ठेवा," सूनबाई म्हणाल्या, "दम खा आणि पुन्हा उचला." आणि मग कधीतरी त्या सगळ्या घरघरीतून एक सूर निघाला. वाकडा, फाटका, पण 'सा'च. सरांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. सूनबाईंना त्या क्षणी असं भरून आलं, की आपण स्वतः कधीही वाजवलं त्यापेक्षा हा सूर त्यांना गोड वाटला. हात पुढे जायचे विसरूनच गेले. 'रे' आला. घंटा व्हायच्या आत कसाबसा 'ग'सुद्धा आला.

बाई उभ्या राहिल्या. "विद्यार्थी मध्यम," त्या म्हणाल्या. "गाल फुगवतो, घाई करतो आणि चुकला की वाद्यावर डोळे वटारतो. शिक्षिका पास."

"एक मिनिट," सर ट्रम्पेट न सोडता म्हणाले. "त्या पास आणि मी मध्यम? हा कुठला न्याय?"

"त्यांनी तुम्हाला मध्यमपर्यंत आणलं सर. सुरुवात केलीत तेव्हा तुम्ही तिथेही नव्हतात."

सूनबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. बाईंना वाकून नमस्कार केला, ट्रम्पेट सरांच्या हातातून जरा ओढूनच घ्यावा लागला, आणि त्या धावत बाहेर आल्या. बाकावर सासूबाई आणि आत्याबाई अंग चोरून बसल्या होत्या.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"पास झाले, आई! पास!"

सासूबाईंनी सुनेला गच्च मिठी मारली. दोघींचेही डोळे वाहायला लागले. जरा वेळाने सासूबाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, "मग इतका वेळ आत कोण बोंबलत होतं?"

"परीक्षक."

"अगंबाई! मग ते नापास?"

"नाही. मध्यम."

आत्याबाई ताडकन उठल्या. "मध्यम? म्हणजे त्यांना 'म'सुद्धा शिकवलास? आणि मला 'ग'वरच थांबवलंत होय गं तुम्ही दोघींनी?"